लेखक कोणत्या बाजूला उभा आहे?

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, पोरांच्या भाषेत सीसॅट, 2013 पासून आहे. 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर. आता हा पेपर पात्रतेपुरता आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण पडले की झालं, म्हणून अभ्यासिकेत त्याच्याकडे सगळ्यात शेवटी पाहिलं जातं. मग पहिल्या पेपरात भरघोस गुण घेणारी पोरं नेमकी या 66 पाशी अडकतात.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त वाद होतो तो एकाच प्रकारावर: ‘या उताऱ्यातून लेखकाचा कोणता दृष्टिकोन दिसतो?’ बँकांच्या परीक्षांत हाच प्रश्न ‘टोन’ या नावाने येतो. साल विचारलं, कारण विचारलं, तर उत्तर उताऱ्यात सापडतं. इथे चारही पर्याय उताऱ्यात कुठेच लिहिलेले नसतात.

मी अमरावतीला गाडगेनगरकडे वर्ग घेतो आणि शनिवार-रविवारी अकोल्याला जातो. दोन्हीकडे पोरं-पोरी सारख्याच घरांतल्या. कुणाचे वडील कास्तकार, कुणाचे एसटीत; दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडून येऊन खोली करून राहिलेली. यांना शब्द अडत नाहीत. उताऱ्याचा विषय ओळखीचा निघाला, की ती लेखकाचं ऐकणं सोडून स्वतःचं ऐकायला लागतात. अडचण ती आहे. पुढचे सगळे बोल या एका अडचणीभोवतीच फिरतात.

1. टोमणा कळतो त्याला सूर कळतो

वऱ्हाडातल्या माणसाला उपरोध शिकवावा लागत नाही. जेवणवेळ टळून गेल्यावर घरी आलेल्या पोराला माय म्हणते, “आले का साहेब? अजून थोडं फिरून याचं होतं, घाई कायची होती?” हे ऐकून कुणी परत फिरायला जात नाही. मुकाट्याने हात धुऊन ताटावर बसतो. शब्द मानाचे आणि अर्थ उलटा, हे त्याला तत्काळ समजतं. कारण बोलणारी कोण, प्रसंग कोणता आणि अशा प्रसंगी सरळ बोलणं कसं असतं, या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात.

आता हे वाक्य घ्या: ‘नगरपालिकेच्या तत्परतेचे कौतुक करावे तेवढे थोडे, गेल्या पावसाळ्यात पडलेला खड्डा याही पावसाळ्यात तिने तितक्याच आपुलकीने जपला आहे.’ वर्गात मोठ्याने वाचलं की सगळे हसतात. छापील उताऱ्यात आलं की त्यांतलेच काही ‘प्रशंसात्मक’वर खूण करतात. ‘कौतुक’ आणि ‘आपुलकी’ हे दोन शब्द दिसले, खड्डा दिसला नाही.

म्हणून शंका आली की ते वाक्य मनातल्या मनात आवाज देऊन वाचायचं. राजकमल चौकात उभं राहून कुणी हे म्हटलं असतं तर कोणत्या स्वरात म्हटलं असतं? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

2. विषय दुःखाचा म्हणून लेखक दुःखी नसतो

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहीर खोदूनही ओलीत होत नाही. इथल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. त्या विषयावरची दोन वाक्यं मी फळ्यावर लिहितो.

पहिलं: ‘खारपाणपट्ट्यातील भूजल क्षारयुक्त असल्याने तेथे विहिरींवर आधारित सिंचनाला मर्यादा आहेत आणि शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे.’

दुसरं: ‘खारपाणपट्ट्यातील माणसे गोड्या पाण्याची वाट पाहत आहेत, योजना मात्र दर निवडणुकीला नव्याने जाहीर होत आहेत.’

दोन्ही वाक्यांतली परिस्थिती वाईटच आहे. पण पहिल्या वाक्यात लेखक दिसत नाही. त्याने कारण सांगितलं, परिणाम सांगितला आणि तो बाजूला झाला. हा वस्तुनिष्ठ सूर. दुसऱ्यात तो ‘मात्र’ आणि ‘दर निवडणुकीला’ या दोन ठिकाणी उघडा पडतो. हा टीकात्मक सूर. पहिल्या वाक्याला ‘खेदयुक्त’ असं उत्तर देणाऱ्याला मी विचारतो, “खेद कुठे आहे?” तो सांगतो, “सर, पाणी खारं हाय म्हणते ना तो!” पाणी खारं आहे ही माहिती झाली. खेद वाचणाऱ्याला झाला.

3. दृष्टिकोन नेमका कशाबद्दलचा, ते आधी ठरवा

एकाच उताऱ्यात एकाच लेखकाचे दोन दृष्टिकोन असू शकतात, कारण त्यात दोन गोष्टी असतात. अमरावतीत याचं उत्तम उदाहरण घरचंच आहे. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, शेंडगावचा. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले आणि त्यांची समाधी गाडगेनगरात आहे. गावात पाऊल टाकलं की आधी हातात खराटा आणि मग कीर्तन, ही त्यांची रीत. त्यांच्या नावाने 2000-01 पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. समजा, उतारा असा आहे:

‘बाबांनी गाव झाडले ते कुणी तपासायला येणार होते म्हणून नव्हे. आज तपासणीच्या आदल्या रात्री गाव झाडले जाते, रांगोळ्या घातल्या जातात आणि पथकाची गाडी गेली की उकिरडा पूर्ववत होतो. बक्षिसाने सवय लागत नाही, हे बाबांना कळले होते.’

प्रश्न आला, ‘लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ पर्यायांत ‘आदराचा’ही आहे आणि ‘टीकात्मक’ही. बाबांविषयी विचारलं असेल तर आदर, स्पर्धेपुरत्या स्वच्छतेविषयी विचारलं असेल तर टीका. संतांचं नाव दिसताच ‘भक्तिभावपूर्ण’वर पेन टेकवणारी पोरं दर बॅचला असतात. प्रश्नातलं ‘…विषयी’, ‘…बाबत’, ‘…कडे’ हे पद अधोरेखित केल्याशिवाय पर्याय वाचायचेच नाहीत, असा माझ्या वर्गातला दंडक आहे.

4. आपला राग लेखकाच्या नावावर मांडू नये

हा बोल सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या भागात तो सगळ्यात अवघड जातो.

बीटी कापसाला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं, ते इथल्या घराघरात माहीत आहे. अकोल्याच्या वर्गात मी या विषयावर एक सरावाचा उतारा दिला. त्याचा शेवट असा होता: ‘सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या कमी झाल्या, हे खरे. पुढे अळीने प्रतिकारशक्ती मिळवली, हेही खरे. दोष तंत्रज्ञानाचा, बियाण्याच्या दर्जाचा की लागवडीच्या पद्धतीचा, याचा निवाडा पुरेशा पुराव्याअभावी करणे घाईचे ठरेल.’

एका पोराने ठामपणे सांगितलं, “सर, लेखक बीटीच्या विरोधात हाय.”

“कुठं म्हटलं त्यानं?”

“म्हणाले कायले पाह्यजे? आमच्याकडे तेच झालं ना.”

वर्ग शांत झाला, कारण निम्म्या वर्गाकडे तेच झालं होतं. त्याचा राग खोटा नव्हता. पण उताऱ्यातला लेखक दोनदा ‘खरे’ म्हणतो, दोन्ही बाजूंना एकेक वाक्य देतो आणि निवाडा पुढे ढकलतो. हा समतोल, सावध माणूस आहे. तो आपल्याला पटो न पटो. आयोग आपलं मत विचारत नाही.

यावर एक साधा उपाय मी पोरांना सांगतो. उतारा ओळखीच्या विषयावरचा निघाला, म्हणजे हमीभाव, आरक्षण, सिंचनाचा अनुशेष, मेळघाटातलं पुनर्वसन असं काही, की वाचायच्या आधी समासात पेन्सिलीने आपलं मत दोन शब्दांत लिहायचं. ‘मी: विरोधात.’ मग उतारा वाचायचा आणि त्याखाली लिहायचं, ‘तो: …’. दोन्ही ओळींत तोच शब्द आला, तर उतारा पुन्हा एकदा बघायचा. कधीकधी दोघांचं मत खरंच जुळतं. बरेचदा मात्र आपण वाचलेलंच नसतं.

5. लिहिणारा एक, बोलणारा दुसरा

‘काहींच्या मते’, ‘असे मानले जाते’, ‘समर्थकांचा दावा आहे की’ अशी सुरुवात असलेलं वाक्य लेखकाचं नसतं. तो ते दुसऱ्याच्या तोंडून आणतो, आणि पुष्कळदा पुढे खोडायलाच आणतो. प्रश्न काढणारा नेमका त्याच वाक्यातून एक पर्याय उचलतो. पहिला परिच्छेद वाचून उत्तर देणारे त्याला हमखास सापडतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘मी’ म्हणून बोलणारा माणूसही लेखक नसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) हे मराठी विनोदाचे आद्य पुरुष. त्यांनी वकिली केली ती इथेच वऱ्हाडात, अकोला, खामगाव आणि जळगाव जामोदला. त्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट आहे. सुदामा स्वतःची आणि मित्रांची वागणूक अगदी गंभीरपणे, जणू काही भूषणावह असल्यासारखी सांगतो. रूढी, भोळ्या समजुती, पोकळ बडेजाव यांची बाजू तो घेतो, आणि ती इतकी मनापासून घेतो की त्या गोष्टी उघड्या पडतात. सुदामा रूढीच्या बाजूने आहे. कोल्हटकर विरुद्ध बाजूला उभे राहून त्याला बोलायला लावत आहेत.

असा उतारा आला आणि पर्यायांत ‘परंपरेचा अभिमानी’ दिसला, तर थांबायचं. निवेदक काय म्हणतो ते कळल्यावर एक प्रश्न उरतोच: लेखकाला त्याचं पटतं का? निवेदकाचे युक्तिवाद जाणूनबुजून लंगडे केलेले असतील, तर पटत नाही.

6. ‘परंतु’च्या पलीकडे लेखक राहतो

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या नॅरोगेज मार्गावरची शकुंतला आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला खासगी कंपनीने टाकलेला हा मार्ग. 1994 पर्यंत त्यावर वाफेचं इंजिन धावत होतं. मी वर्गात देतो तो उतारा असा:

‘शकुंतलेला वेळेचे भान कधीच नव्हते. अचलपूरहून निघालेली गाडी मूर्तिजापूरला कधी पोहोचेल, हे चालकालाही सांगता येत नसे. आठवडी बाजाराच्या बाया, दुधाचे कॅन, शाळकरी मुले यांना मात्र दुसरे काही परवडणारे नव्हते, आणि या गाडीने त्यांना कधी नाही म्हटले नाही. आज तिच्या आठवणींवर भरभरून लिहिले जाते. परंतु आठवणींवर गाडी धावत नाही. ज्या गावांसाठी ती होती त्यांना हवी आहे ती ब्रॉडगेज. संग्रहालयातले इंजिन नव्हे.’

पर्याय: (1) स्मरणरंजनात रमलेला, (2) उपहासात्मक, (3) आत्मीयता असलेला, तरी वास्तववादी, (4) तटस्थ.

पहिल्या दोन वाक्यांवर थांबणारा (2) म्हणतो. तिसऱ्या वाक्याशी थांबणारा (1) म्हणतो. काहीजण ‘चांगलंही म्हटलं, वाईटही म्हटलं, म्हणजे तटस्थ’ असा हिशेब करून (4) घेतात. पण तटस्थ माणूस ‘कधी नाही म्हटले नाही’ असं गाडीला माणूस करून लिहीत नाही. आणि स्मरणात रमलेला माणूस ‘आठवणींवर गाडी धावत नाही’ असं म्हणत नाही. ‘मात्र’ने थट्टेला वळवून माया आणली, ‘परंतु’ने मायेला वळवून व्यवहार आणला. उत्तर (3).

उताऱ्यात ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तथापि’, ‘असे असले तरी’ यांना गोल करायचा. एकापेक्षा जास्त गोल असतील तर शेवटच्या गोलापुढचं वाक्य लेखकाचं मुक्कामाचं ठिकाण. आधीचं फेकून द्यायचं नाही. त्यातूनच (3) मधला ‘आत्मीयता’ हा शब्द येतो.

7. मोठ्या शब्दांपेक्षा बारक्या शब्दांवर नजर

खरेदी केंद्रावरचा ग्रेडर ढिगाकडे बघून भाव लावत नाही. मूठभर कापूस घेतो, बोटांनी धागा ओढून बघतो. उताऱ्यातही भरदार विशेषणांपेक्षा बारीक धागा जास्त सांगतो. मराठीत तो शब्दांच्या शेपटीला असतो. हे बघा:

समितीने अहवाल दिला.
समितीने अखेर अहवाल दिला.
समितीने म्हणे अहवाल दिला.
समितीने अहवालच दिला.
समितीने अहवाल तरी दिला.

पहिल्यात बातमी आहे. ‘अखेर’मध्ये उशिराची तक्रार आहे. ‘म्हणे’ने लेखक हात झटकतो, त्याचा विश्वास नाही. ‘अहवालच’ म्हणजे बाकी काही केलं नाही. ‘तरी’मध्ये अपेक्षाच इतकी कमी की एवढ्यावर समाधान. समिती तीच आणि अहवालही तोच, पण लेखक पाच निघाले.

‘केवळ’, ‘निव्वळ’, ‘तथाकथित’, ‘साहजिकच’, ‘दुर्दैवाने’, ‘सुदैवाने’ ही त्याच घरातली माणसं. ‘दुर्दैवाने’ हा शब्द भेटला की तटस्थ हा पर्याय कापायला हरकत नाही. अवतरणचिन्हांतला एकटा शब्दही बघा. ‘विकासा’ची फळे, असं चिन्हात लिहिणाऱ्याला तो विकास वाटत नसतो.

8. प्रत्येक प्रश्न उत्तर मागत नाही

6 जुलै 1897 च्या केसरीतल्या अग्रलेखाचा मथळा होता, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ रँडच्या खुनानंतर पुण्यात सरकारने जो धाकदपटशा सुरू केला, त्यावरचा तो लेख. या मथळ्याला ‘जिज्ञासू’ म्हणणारा वाचक मराठीत सापडायचा नाही. उत्तर आधीच दिलेलं असतं. प्रश्नचिन्ह त्याला धार लावतं.

गाडगेबाबांचं कीर्तनही असंच प्रश्नांवर चाले. समोरच्यांना विचारायचं, त्यांच्याच तोंडून होकार-नकार वदवून घ्यायचा. विचारणारा अडाणी असल्याचा आव आणी. लोक हसत हसत आपल्याच भोळेपणाविरुद्ध साक्ष देत.

उताऱ्यात प्रश्नार्थक वाक्य आलं की त्याचं विधान करून बघायचं. ‘एवढ्याने शेतकऱ्याचे भागणार आहे का?’ याचं विधान ‘एवढ्याने भागणार नाही’. विधान सहज झालं, तर तो दृष्टिकोन आहे. विधान होत नसेल, लेखक पुढे खरंच दोन-तीन उत्तरं तपासत असेल, तर तो चिकित्सक आहे.

9. प्रेम नाही म्हणजे वैर नव्हे

त्याच 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तो वरच्या अग्रलेखावर नव्हता, 15 जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता. मुंबई उच्च न्यायालयात नऊ ज्युरींपुढे एकच प्रश्न होता, आणि तो आपल्याच पेपरातला वाटावा असा: लेखकाचा सरकारविषयीचा दृष्टिकोन कोणता? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरींना कायद्याचा अर्थ असा समजावला की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. सहा युरोपीय ज्युरींनी दोषी म्हटलं, तीन हिंदी ज्युरींनी निर्दोष. टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरमध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, आणि टिळक तुरुंगात होते.

त्या अर्थाची खोट राजकारण बाजूला ठेवूनही दिसते. प्रीती आणि वैर यांच्यामध्ये भलं मोठं मैदान आहे: तटस्थता, शंका, सावधपणा, मर्यादित मान्यता. ते मैदानच पुसून टाकलं की स्तुती न करणारा प्रत्येक जण शत्रू ठरतो. आपली पोरं हेच करतात. लेखकाने एखाद्या योजनेचं कौतुक केलं नाही, की म्हणतात, “लेखक त सरकारले झाडून राह्यला.” त्याने फक्त आकडे दिलेले असतात. विरोध सिद्ध करायचा तर विरोधाचं वाक्य दाखवावं लागतं. स्तुतीचं वाक्य नसणं हा पुरावा होत नाही.

10. पर्यायाचा जोर उताऱ्याच्या जोराइतकाच हवा

दिशा बरोबर आणि जोर चुकीचा, यात सगळ्यात जास्त गुण जातात. काही जोड्या पाठच असाव्यात.

साशंक आणि निराश: साशंक माणूस दार थोडं उघडं ठेवतो, निराश माणूस लावून घेतो. चिकित्सक आणि टीकात्मक: चिकित्सक तपासतो, निष्कर्ष कोणताही निघू शकतो, टीकात्मक माणसाला दोष सापडलेले असतात. टीकात्मक आणि तिरस्कारपूर्ण: टीकेत कारणं असतात, तिरस्कारात कारणांची गरज उरत नाही. तटस्थ आणि उदासीन: तटस्थाला बाजू नसते, उदासीनाला पर्वा नसते, आणि पर्वा नसलेला माणूस सहसा त्या विषयावर तीन परिच्छेद लिहीत नाही, म्हणून ‘उदासीन’ हे उत्तर क्वचितच बरोबर निघतं.

जोडपर्याय असेल, ‘सहानुभूतिपूर्ण पण चिकित्सक’ यासारखा, तर दोन्ही अंगांसाठी वेगवेगळी ओळ सापडली पाहिजे. एक अंग चुकलं की अख्खा पर्याय चुकला.

हिशेबही समजून घ्या. बरोबर उत्तराला 2.5 गुण, चुकीला पाव भाग म्हणजे 0.625 वजा. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने मारण्यात हाती जवळपास काही लागत नाही, सोडा. दोन कापून दोन उरले असतील तर मारा, सरासरी फायदा आहे. आणि दृष्टिकोनाच्या प्रश्नात दोन पर्याय बहुतेक वेळा कापता येतातच, कारण ते उलट दिशेचे असतात.

11. दोन भाषांतला उतारा दोनदा वाचू नये

बहुतेक उतारे इंग्रजी आणि मराठी दोन्हींत छापलेले असतात. मुळात इंग्रजी असलेल्या उताऱ्याचं मराठी कधीकधी इतकं सपाट असतं की त्यातला टोमणा रस्त्यातच गळून पडतो. सगळा उतारा दोन्हीकडे वाचायला वेळ नसतो. 80 प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे एकाला दीड. आपल्या सवयीच्या भाषेत वाचा, आणि अडलेलं तेवढं एकच वाक्य दुसऱ्या बाजूला बघा. तिथे ‘सो-कॉल्ड’, ‘अपॅरंटली’, ‘मिअरली’ असलं काही सापडलं, की लेखक सापडला.

12. ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे

परीक्षेनंतर आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि हरकती मागवतो. त्या दिवसांत अभ्यासिकेत दृष्टिकोनाच्या प्रश्नावर हमरीतुमरी चालते. “मला तसं वाटलं” एवढ्यावर हरकत टिकत नाही. आधार द्यावा लागतो. मी पोरांना ती शिस्त परीक्षेच्या आधीच लावायला सांगतो.

सराव रोजच्या पेपरवर होतो. लोकमत घ्या, सकाळ घ्या, अकोल्याची देशोन्नती घ्या. एकाच दिवशी एकाच विषयावरची बातमी, अग्रलेख आणि वाचकाचं पत्र शेजारी ठेवा. सोयाबीनच्या भावाचा दिवस असेल तर फारच उत्तम. तिघांची माहिती सारखी, सूर वेगळे. प्रत्येकाखाली वहीत एक वाक्य पूर्ण करायचं:

‘लेखक ______ विषयी ______ आहे, कारण ओळ क्रमांक ______.’

पहिली जागा भरताना विषय नेमका होतो. दुसरी भरताना शब्दाचा जोर मोजावा लागतो. खरी परीक्षा तिसऱ्या जागेची. ती रिकामी राहिली, तर दुसऱ्या जागेत लिहिलेलं मत लेखकाचं नाही, आपलं आहे. ते खोडून उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायचा.